तेराव्या महिन्यातील तरुण: दोन आत्मकथांचे एक वाचन

आत्मचरित्रे वाचण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. थोर पुरुषाचे थोरपण आधी मान्य करावयाचे आणि मग त्याच्या तारुण्यात त्या थोरपणाची बीजे कोठे दिसतात ती हुडकावयाची. या रीतीने वाचले असता लेखकाने विशीत सोसलेल्या हालअपेष्टा पुढील यशाच्या पायऱ्या ठरतात आणि पुस्तक मिटताना वाचकास एक प्रकारचे समाधान लाभते. आम्ही येथे दोन आत्मकथा जरा निराळ्या दृष्टीने वाचू इच्छितो. एक गुजराती, कवी नर्मद यांची 'मारी हकीकत'; दुसरी मराठी, धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन'. पहिलीचा लेखक सुरतेचा, दुसरीचा गोमंतकातील साखवळचा. हे दोघे जेव्हा अजून कोणीही नव्हते, तेव्हा त्यांच्या खांद्यावर एकाच वेळी कोणकोणती ओझी होती, ती कोणी ओळखली आणि कोणी कसा हात दिला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

'दुष्काळात तेरावा महिना' अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात मोठे शहाणपण आहे. बारा महिन्यांची बेगमी कशीबशी पुरवीत आणलेल्या घराला अधिक मास आला की तीच बेगमी अपुरी पडते. म्हणजे दुसरे संकट पहिल्याच्या शेजारी येऊन बसत नाही. पहिले ज्या बळावर सोसले जात होते, त्या बळालाच ते हात घालते. तरुण माणसावर अनेक अडचणी एकदम कोसळतात तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून त्या अडचणी एकेक मोजून त्यांची बेरीज करणाऱ्यास त्या तरुणाची अवस्था कधीच कळत नाही.

सुरतेत राहणाऱ्यास हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. हिऱ्यांना पैलू पाडणारे आणि यंत्रमागांवर कापड विणणारे हे शहर मुख्यतः तरुण हातांवर चालते. सौराष्ट्रातून, खानदेशातून, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून ही मुले येथे येतात. लिंबायत आणि उधना या भागांत खानदेशी मराठी बोलणारी कुटुंबे इतकी आहेत की, महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालविते. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसणाऱ्या मुलाची मजुरी बहुधा नगावर असते. मागणी घटली की नग घटतात. नग घटले की कर्जाचा हप्ता थकतो, खोलीचे भाडे राहते, धाकट्या भावाची फी राहते, ठरलेली सोयरीक मोडते, आणि शेवटी झोप उडते. २००८ सालच्या जागतिक मंदीत हे घडले आणि २०२२ नंतरच्या मंदीत पुन्हा घडले. जुलै २०२४ मध्ये येथील रत्नकलाकारांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी दूरध्वनीची मदतवाहिनी सुरू करावी लागली. ज्या शहरात कामगार संघटनेला मजुरीच्या दराआधी जिवाची काळजी करावी लागते, त्या शहरात आत्मकथा वाचताना वरील प्रश्न मनात येणारच.

आता नर्मदांकडे वळू. सुरतेचे आणि मराठी वाचकाचे नाते जुने आहे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथील शाळेत शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनी येथेच मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबांचे आत्मचरित्र १९४७ साली आपल्या अ. का. प्रियोळकरांनी संपादून प्रसिद्ध केले. त्याच दुर्गारामांच्या शाळेत नर्मद हा मुलगा काही काळ शिकला. त्याचा जन्म १८३३ चा. त्याची पहिली आठवण १८३७ साली सुरत जाळणाऱ्या प्रचंड आगीची. १८४४ साली, वयाची अकरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्याचे लग्न झाले. जून १८५० मध्ये तो मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आई वारली आणि शिक्षण सुटले. मग रांदेरच्या शाळेत आणि पुढे नानपुऱ्याच्या शाळेत नोकरी. ऑक्टोबर १८५३ मध्ये मृत मूल जन्मले आणि पाठोपाठ पत्नी गुलाब हीही गेली. तेव्हा नर्मद वीस वर्षांचा होता.

'मारी हकीकत' १८६६ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी लिहिली गेली आणि सर्व वाचकांच्या हाती पडली ती १९३३ साली, लेखकाच्या जन्मशताब्दीस. या ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे त्यातील हिशेबी प्रामाणिकपणा. लेखकास तारखा नोंदण्याची हौस आहे. पैसा, प्रेम, प्रकृती, भय, अभ्यास, कीर्तीची हाव, सारे तो एकाच वहीत मांडतो. नीतिपाठ देणारा लेखक हे सारे वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून टाकतो आणि मग आईच्या मृत्यूचा शिक्षणाशी किंवा नोकरीचा दुःखाशी काही संबंध उरत नाही. नर्मद तसे करीत नाहीत. त्यांच्या पानावर या गोष्टी जशा घडल्या तशा एकमेकींत गुंतलेल्या राहतात. अव्यवस्थित वाटणारा हा ग्रंथ आम्हांस या कारणाने अनेक सुबक चरित्रांहून अधिक खरा वाटतो.

मदतीच्या अंगाने पाहता या पुस्तकात एक लक्षणीय गोष्ट दिसते. आई गेल्यानंतर थोड्याच काळात, १८५१ साली, या मुलाने 'मंडळी मळवाथी थता लाभ' हा निबंध वाचला. मंडळी एकत्र मिळाल्याने होणारे लाभ हा त्याचा विषय, आणि गुजराती गद्यनिबंधाचा आरंभ पुष्कळजण येथूनच मानतात. त्याच वर्षी सुरतेत त्याने एक मंडळी काढली. समाजसुधारणेचा उत्साह म्हणून या गोष्टीची नेहमी वाहवा होते. आम्हांस तीत आणखीही काही दिसते. घर मोडले, शिक्षण तुटले, अशा अवस्थेतील अठरा वर्षांचा मुलगा आपल्यासाठी चार माणसे जमवीत होता. त्या मंडळींनी त्याच्या बुद्धीस आधार दिला. टाळ्या दिल्या, श्रोते दिले. परंतु सभेत विधवाविवाह चर्चिला जाई. वक्त्याच्या घरची चूल कशी चालते, हा सभेचा विषय नव्हता. घरच्या बाजूने पाठीशी राहिले ते वडील लालशंकर. पुढे २३ नोव्हेंबर १८५८ रोजी नर्मदांनी शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. तो त्यांनी कर्ज सोसून चोवीस वर्षे पाळला आणि १८८२ साली, प्रकृती खालावलेली असता, त्यांना एका धर्मादाय संस्थेची चाकरी पत्करावी लागली. चार वर्षांनी ते वारले. आज त्यांच्या नावाने सुरतेत विद्यापीठ आहे, ग्रंथालय आहे, आमलीरानातील त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. समाजाने त्यांचा गौरव करण्यात कसूर केली नाही. कसूर झाली ती आधीच.

सुरतेहून साखवळ दूर असले तरी 'निवेदन' या ग्रंथात तोच गुंता दुसऱ्या रंगात दिसतो. धर्मानंदांचा जन्म १८७६ चा. लहान वयात लग्न, शाळेचे शिक्षण नावापुरते, प्रकृती नाजूक, घरच्या माडांच्या बागायतीची देखभाल अंगावर, आणि मनात शिकण्याची अशी तहान की, तिच्यापायी कशातच लक्ष लागू नये. 'बालबोध' मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने ती तहान अधिकच वाढविली. वडील वारले, मुलगी जन्मली आणि १८९९ च्या अखेरीस तेवीस वर्षांचा हा तरुण घर सोडून पुण्यास निघाला.

'निवेदना'ची भाषा साधी, अलंकाररहित आहे. लेखक आपली उदासी लपवीत नाही आणि तिला वैराग्याचा मुलामाही देत नाही. मराठी आत्मचरित्रांत हे दुर्मीळ आहे. आमच्याकडे घर सोडणाऱ्याच्या निराशेला चटकन आध्यात्मिक नाव मिळते. धर्मानंद ती जशी होती तशी, प्रकृतीच्या आणि परिस्थितीच्या सान्निध्यात ठेवतात. या एका कारणाने तरुणांच्या अडचणींचा विचार करणाऱ्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.

त्यांना मदत मिळाली, पण कशी? पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी प्रार्थना समाजात राहण्याची सोय करून दिली. ग्वाल्हेरवरून ते काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. मग नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप, जेथे पाली आणि बौद्धधर्म शिकण्याची त्यांची इच्छा पुरी झाली. एका ठिकाणी छप्पर, दुसऱ्या ठिकाणी अन्न, तिसऱ्या ठिकाणी विद्या. एका तरुणास आपल्या एकाच आयुष्याचे तुकडे इतक्या गावी हिंडून गोळा करावे लागले. सर्व दाते सद्भावी होते. तथापि त्या सर्वांच्या देणग्या जोडून त्यांचे एक जीवन करण्याचे काम मात्र त्या दुबळ्या प्रकृतीच्या मुलावरच पडले.

या परंपरेत दोन दाने आम्हांस वेगळी वाटतात. पहिले अन्नछत्राचे. मंदिरसंस्थांशी नाते असलेल्या आमच्या वाचकांना अन्नछत्राचा महिमा सांगावयास नको. परंतु त्याचा एक गुण येथे नोंदविण्यासारखा आहे. तू पुढे काय होणार, असा प्रश्न अन्नछत्र विचारीत नाही. काशीच्या त्या पंक्तींत बसलेला मुलगा पुढे बौद्ध भिक्षू होऊन आला, तरी त्याने खाल्लेले अन्न वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. दुसरे दान बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे. महाराष्ट्रात कोठेही राहा, वर्षास एक पुस्तक लिहून द्या, तीन वर्षे दरमहा ५० रुपये मिळतील, असे त्यांनी सांगितले; आणि कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा सोडून धर्मानंदांनी ते स्वीकारले. या देणगीत रक्कम लहान आहे, पण मुदत आहे, मोकळीक आहे आणि विश्वास आहे. संकटात सापडलेल्या माणसास रकमेइतकीच मुदतीची गरज असते. उद्याची चिंता टळल्यावाचून त्यास परवाचा विचार करता येत नाही.

दोन्ही पुस्तकांवर आमचा एक आक्षेप आहे आणि तो लहान नाही. तरुण फक्त तरुणच नव्हते, तरुणीही होत्या. धर्मानंद परत आले १९०६ साली. तोवर पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी नातलगांच्या आधाराने राहिल्या. नवरा परागंदा, पदरी मूल, हातात पैसा नाही, समाजाची बोलणी नित्याची: एकाच वेळी अनेक संकटे म्हणतात ती याहून वेगळी काय असतात? 'निवेदना'त त्यांच्या वाट्यास फार थोडी जागा आली आहे. नर्मदांनी निराधार विधवांना आश्रय दिला, त्यांपैकी एकीशी विवाह केला, हे त्या काळी मोठे धैर्य होते. पण १८५६ साली लग्न होऊन त्या घरात आलेल्या डाहीगौरींवर त्याचे काय ओझे पडले, ते आपण नर्मदांच्याच लेखणीतून ऐकतो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून ही दुसरी बाजू मराठीत आणली. बाळाबाईंची किंवा डाहीगौरींची 'स्मृतिचित्रे' आपणास लाभली नाहीत. एकाची अडचण सोडविताना ती दुसऱ्याच्या, बहुधा दुसरीच्या, डोक्यावर सरकत नाही ना, ही कसोटी मदत करणाऱ्या प्रत्येकाने लावली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की, या दोघांना इतकी संकटे आली म्हणूनच ते घडले. सोन्याला आगीतून जावेच लागते. व्याख्यानांतून, गौरव समारंभांतून, बक्षीस वाटपाच्या सभांतून हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचा प्रतिवाद येथे केलाच पाहिजे. आत्मचरित्र तोच लिहितो जो वाचला. त्याच काशीत, त्याच अन्नछत्रांत, त्याच सुरतेच्या गल्ल्यांत जे तरुण खचले, वेडावले, मेले, त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. तरलेल्या दोघांकडे बोट दाखवून प्रवाहाचे गुण गाणे हा तर्काचा दोष आहे, आणि बुडणाऱ्यासमोर ते गाणे हा माणुसकीचा दोष आहे. न्यायालयात असा पुरावा कोणी मांडला तर दुसऱ्या बाजूचा नवखा वकीलसुद्धा तो एका प्रश्नात मोडून काढील. या दोन ग्रंथांचा खरा धडा उलट आहे. इतक्या तीव्र बुद्धीच्या आणि इतक्या जिद्दीच्या माणसांनाही परक्याच्या आधारावाचून पाय रोवता आले नाहीत. मग साधारण बुद्धीच्या, साधारण जिद्दीच्या मुलास तो किती अधिक लागेल?

आमच्या व्यवसायात प्रत्येक प्रकरणास स्वतंत्र क्रमांक असतो. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी न्यायालयात, नवरा-बायकोचा वाद कौटुंबिक न्यायालयात, थकलेल्या मजुरीचा दावा कामगार न्यायालयात. तीन ठिकाणी तीन तारखा पडतात. त्या तिन्ही तारखांना बुडणारी मजुरी मात्र एकाच तरुणाची असते. सरकारी मदतीचेही असेच आहे. २०२५ साली गुजरात सरकारने मंदीत सापडलेल्या रत्नकलाकारांच्या मुलांसाठी वर्षास १३,५०० रुपयांपर्यंत शालेय फी देण्याची योजना जाहीर केली. ती चांगलीच होती. पण फी हा गुंत्यातला एक धागा. २०२२ पासून 'टेलि-मानस' या नावाने १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्यासाठी दूरध्वनीने सल्ला मिळतो. तो दुसरा धागा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळू शकते, तो तिसरा. या तीन दारांची माहिती एकाच माणसास असावी आणि त्याने तरुणाबरोबर तेथवर चालत जावे, एवढी साधी व्यवस्था मात्र क्वचितच आढळते.

कायद्यास हे अजिबात ठाऊक नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक मुलासाठी 'वैयक्तिक संगोपन योजना' लिहावी असे सांगितले आहे. तिच्या नमुन्यात आरोग्य, भावनिक गरजा, शिक्षण, नातेसंबंध, पूर्वी सोसलेला छळ, पुढील जीवनाची तयारी, या साऱ्यांची एकाच कागदावर नोंद होते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यास अठराव्या वर्षानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याचीही तरतूद आहे. नर्मदांनी जसे सारे आयुष्य एका वहीत मांडले, तसा हा कागद आहे. दुःख एवढेच की, तो कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलांपुरता आहे. घंटीवरून उठविलेला बावीस वर्षांचा मुलगा किंवा सासर तुटून माहेरी परतलेली वीस वर्षांची मुलगी यांच्यासाठी असा कागद कोणी लिहीत नाही.

तो कागद आपण लिहू शकतो, असे आम्हांस वाटते. आपल्या अनेक देवस्थानांचे आणि त्यांच्याशी संलग्न मंडळांचे विद्यार्थी साहाय्य निधी आहेत. त्यांचे अर्ज पाहिले तर गुण किती, उत्पन्न किती, शिफारस कोणाची, एवढेच विचारलेले दिसते. गुण का घसरले, हे विचारण्यास जागा नसते. अर्जास एक पान जोडावे आणि त्यावर प्रश्न असावेत: घरी कोण आहे, कोण आजारी आहे, देणे किती आहे, झोप लागते का, कोणाशी मोकळेपणी बोलता येते का. त्या पानाची गुप्तता पाळली जावी. ते कार्यकारी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखविले जाऊ नये. प्रत्येक अर्जदारामागे मंडळाने एक पाठीराखा नेमावा, ज्याने महिन्यातून एकदा त्यास भेटावे, आणि जेथे जाणे कठीण तेथे बरोबर जावे, मग ते रुग्णालय असो, विधी साहाय्याची कचेरी असो की सावकाराची पेढी. मुलीसाठी पाठीराखीण असावी आणि तिच्या वतीने भाऊ किंवा वडील बोलणार नाहीत, याची काळजी घ्यावी. आपल्या अग्रशाळांत उत्सवाचे दिवस सोडले तर खोल्या रिकाम्या असतात. परगावी परीक्षेस, मुलाखतीस किंवा उपचारास आलेल्या मुलास त्यातली एक मिळाली तर देवाच्या सेवेत उणे पडणार नाही.

याला धन फार लागत नाही, वेळ लागतो. आणि एक पथ्य लागते: मदत घेणाऱ्याचे आयुष्य आपल्या ताब्यात आले, अशी समजूत होऊ न देणे. भांडारकरांच्या आश्रयाने राहिलेला मुलगा भांडारकरांच्या मार्गाने गेला नाही. त्याचा मार्ग सिंहलद्वीपास गेला. पाठीराख्याने दिशा दाखवावी, पण वाट चालणाराच ठरवितो, हे सयाजीरावांना कळले होते, म्हणूनच त्यांची अट वर्षास एका पुस्तकापलीकडे गेली नाही.

'मारी हकीकत' आणि 'निवेदन' हे ग्रंथ आपल्या मंडळांच्या ग्रंथालयांत असावेत. ते तरुणांच्या हाती देण्यापूर्वी मात्र वडीलधाऱ्यांनी वाचावेत. तरुणांना संकट कसे असते, हे पुस्तकातून शिकावयाची गरज नाही. ते त्यांना ठाऊक आहे. नर्मद रांदेरच्या शाळेत शिकवीत होते किंवा धर्मानंद साखवळच्या माडांखाली उदास बसले होते, तेव्हा आपण शेजारी असतो तर काय केले असते, एवढे ज्याने स्वतःस विचारले, त्याने ही पुस्तके नीट वाचली असे आम्ही समजू. तसा शेजार आजही आपल्या प्रत्येकास आहे.